अचूक नेम, अपुरी ओळख : दूरचालित लष्करी विमानांच्या समर्थनाचा प्रतिवाद

हजारो किलोमीटर अंतरावरून चालवल्या जाणाऱ्या सशस्त्र विमानांचे समर्थन गेल्या दोन दशकांत अनेकांनी केले असले, तरी त्यातील सर्वांत गंभीर मांडणी २०१० साली ब्रॅडली जे. स्ट्रॉसर या अमेरिकी तत्त्वज्ञाने केली. युद्ध न्याय्य असेल आणि तेच काम सैनिकाचा जीव धोक्यात न घालता साधत असेल, तर त्याला विनाकारण धोक्यात लोटण्याचा अधिकार कोणत्याही सेनापतीला पोचत नाही. म्हणून असे विमान वापरणे ही नुसती मुभा राहत नाही, ते कर्तव्य ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन वर्षांनी, ३० एप्रिल २०१२ रोजी, राष्ट्राध्यक्ष ओबामा यांचे दहशतवादविरोधी सल्लागार जॉन ब्रेनन यांनी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये हाच विचार राज्यकर्त्याच्या भाषेत सांगितला आणि आजूबाजूच्या पेशींना धक्का न लावता गाठ काढणाऱ्या शस्त्रक्रियेची उपमा या शस्त्राला दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने ३१ एमक्यू-९बी विमानांचा करार केल्यापासून ‘अचूक मारा’ हे शब्द आपल्याकडेही निर्विवाद गुणवर्णनासारखे वापरले जाऊ लागले आहेत.

या पूर्वपक्षाला तीन आधार आहेत. पहिला असा की हे विमान एखाद्या ठिकाणावर तासन्‌तास घिरट्या घालू शकते, त्यामुळे घाईत निर्णय घेण्याची गरज उरत नाही. दुसरा असा की त्याचे क्षेपणास्त्र लहान असते आणि लेसरच्या ठिपक्यामागे जाऊन सांगितलेल्या जागीच आदळते. तिसरा असा की चालक सुरक्षित असल्याने तो भीतीपोटी चुकीचा गोळीबार करत नाही. तिन्ही विधाने स्वतंत्रपणे पाहिली तर खरी आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यावर उभा केलेला निष्कर्ष, म्हणजे हे आजवरचे सर्वांत विवेकी शस्त्र आहे हा दावा, इतका सहज पचतो. तो दावा चुकीचा आहे. क्षेपणास्त्र ठरवलेल्या बिंदूवर पडणे ही नेमाची अचूकता होय. त्या बिंदूवर उभा असलेला माणूस कोण आहे हे ठाऊक असणे ही ओळखीची खात्री होय. पहिलीत झालेली विलक्षण प्रगती दुसरीच्या नावावर जमा करणे, हा या समर्थनातील मूळ दोष आहे.

हा दोष समजण्यासाठी यंत्रणा कशी चालते हे पाहणे आवश्यक आहे. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे इस्रायलमधून अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते अब्राहम करेम यांच्या आराखड्यांतून जनरल अ‍ॅटॉमिक्स कंपनीत विकसित झालेले प्रेडेटर हे विमान. ते १९९४ साली प्रथम उडाले आणि १९९५ साली अल्बानियातून बोस्नियावर टेहळणीसाठी वापरले गेले. जेमतेम ११५ अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन, सुमारे एक टन वजन आणि लांब, निमुळते पंख अशी त्याची रचना होती. वेगाचा हव्यास सोडून आकाशात टिकून राहण्यावर तिचा सारा भर होता, आणि त्यामुळे हे विमान सुमारे २४ तास हवेत राहू शकत असे. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र डागण्याची चाचणी झाली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सशस्त्र प्रेडेटर अफगाणिस्तानच्या आकाशात होते. रणगाडे फोडण्यासाठी हेलिकॉप्टरवर बसवण्याकरिता बनवलेले हे सुमारे ५० किलो वजनाचे क्षेपणास्त्र पुढे माणसे टिपण्याचे साधन बनले. प्रेडेटरचा थोरला वारस रीपर म्हणजेच एमक्यू-९ हे ९०० अश्वशक्तीच्या टर्बोप्रॉप इंजिनाचे, २० मीटर पंखविस्ताराचे आणि दीड टनाहून अधिक भार वाहणारे विमान आहे. एखाद्या छोट्या प्रवासी विमानाच्या अंगलटीचे हे यंत्र आहे, हे येथे सांगणे भाग आहे, कारण ‘ड्रोन’ म्हटल्यावर लग्नसमारंभात चित्रण करणारी चार पात्यांची वस्तूच अनेकांच्या डोळ्यांपुढे येते.

विमान दृष्टिरेषेत असेपर्यंत त्याच्याशी थेट रेडिओ संपर्क ठेवता येतो. क्षितिजापलीकडे गेल्यावर मात्र उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो. नेवाडा राज्यातील क्रीच हवाई तळावर बसलेल्या वैमानिकाची आज्ञा समुद्राखालील प्रकाशतंतूंतून जर्मनीतील रामश्टाइन तळापर्यंत, तेथून विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असणाऱ्या भूस्थिर उपग्रहाकडे आणि उपग्रहाकडून विमानाकडे जाते. विमानाने टिपलेले चित्र त्याच वाटेने परत येते. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जात असल्या, तरी जमीन ते उपग्रह ते विमान या एका खेपेत सुमारे पाव सेकंद जातो आणि आज्ञा देऊन तिचा परिणाम पडद्यावर दिसायला किमान अर्धा सेकंद लागतो. त्यात संकेतन, चित्राचे संक्षेपण आणि प्रकाशतंतूंचा प्रवास मिळवला की हा विलंब एका सेकंदाच्या पुढे जातो. धावपट्टीवर विमान उतरवताना एवढा विलंब घातक ठरू शकतो, म्हणून उड्डाण आणि अवतरण यांसाठी विमान जिथून उडते त्या तळावरच वेगळे चालकपथक ठेवण्याची पद्धत पडली आणि विमान आकाशात स्थिरावल्यावरच त्याची सूत्रे दूरच्या पथकाकडे जाऊ लागली. म्हणजे नेवाडातील वैमानिकाला जे दिसते ते क्षणभर आधीचे असते, आणि क्षेपणास्त्र सुटून आदळेपर्यंत जाणाऱ्या सेकंदांत चौकटीत एखादे मूल धावत आले, तर ते दिसायलाही उशीर होतो.

विलंबापेक्षा अधिक महत्त्वाचा मुद्दा चित्राच्या स्वरूपाचा आहे. विमानाच्या नाकाखालील फिरत्या गोलकात दिवसा चालणारा कॅमेरा, उष्णतेतील फरक टिपणारा अवरक्त कॅमेरा आणि लेसर-दर्शक एकत्र बसवलेले असतात. अवरक्त चित्रात गरम शरीर उजळ दिसते आणि थंड लोखंड गडद दिसते, किंवा चालकाच्या निवडीनुसार याच्या उलट दिसते. वय, चेहरा, पोशाखाचा रंग, हातातील वस्तू बंदूक आहे की फावडे, यांतले काहीही त्या चित्रात नि:संशय उमटत नाही. शिवाय भिंग जितके जवळ आणावे तितकी चौकट लहान होते, त्यामुळे माणूस नीट दिसू लागतो तेव्हा तो कुठून आला, शेजारी काय चालले आहे, गल्लीच्या टोकाला कोण उभे आहे, हे दिसेनासे होते. तो सगळा संदर्भ मग पडद्याबाहेरून आणावा लागतो. पकडलेल्या मोबाइल संभाषणातून, खबऱ्याच्या सांगण्यातून, आधीच्या आठवड्याच्या अहवालातून तो येतो, आणि तिथल्या चुका चित्राच्या स्वच्छतेआड लपतात.

२१ फेब्रुवारी २०१० रोजी अफगाणिस्तानच्या उरुझगान प्रांतात जे घडले ते या विवेचनाचा सर्वांत सविस्तर पुरावा आहे, कारण त्याची लष्करी चौकशी झाली आणि पथकाचे संभाषण शब्दशः उघड झाले. खोद गावाजवळ अमेरिकी विशेष दलाची तुकडी कारवाईवर होती. पहाटेपासून तीन वाहनांचा एक ताफा दिसत होता आणि प्रेडेटरने तो साडेतीन-चार तास नजरेखाली ठेवला. विमान क्रीचमधून चालवले जात होते. चित्राचे परीक्षण करणारे विश्लेषक फ्लोरिडातील हर्लबर्ट फील्ड तळावर होते. हल्ल्याचा अधिकार अफगाणिस्तानातील जमिनीवरच्या अधिकाऱ्याकडे होता. फ्लोरिडा आणि नेवाडा यांच्यातील संवाद मुख्यतः टंकलिखित संदेशांनी होत होता. फ्लोरिडातील विश्लेषकांनी ताफ्यात मुले असल्याची शक्यता कळवली, तेव्हा नेवाडातील पथकाला ती अडथळ्यासारखी वाटली. मुलांची किशोरवयीन मुले झाली आणि शेवटी जमिनीवरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचले ते ‘लढण्याच्या वयाचे पुरुष’ एवढेच वर्णन. ताफा थांबवून पुरुष नमाजासाठी उतरले, हेही संशयाच्याच बाजूला मोजले गेले. अखेर हेलिकॉप्टरांनी मारा केला. अमेरिकी मोजणीनुसार १५ किंवा १६ आणि गावांतील ज्येष्ठांच्या सांगण्यानुसार २३ माणसे मेली, आणि ती सर्व सामान्य प्रवासी होती. मेजर जनरल टिमोथी मॅकहेल यांच्या चौकशी अहवालाने प्रेडेटर पथकाच्या वार्तांकनावर ते चुकीचे आणि व्यावसायिक शिस्तीला सोडून असल्याचा ठपका ठेवला.

क्षेपणास्त्रे हेलिकॉप्टरने सोडली असल्याने हा दूरचालित विमानाचा दोष नव्हे, असे उत्तर यावर दिले जाते, आणि ते तपासून पाहण्यासारखे आहे. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना ताफा शत्रूचा असल्याचे सांगण्यात आले होते; ते सांगणाऱ्यांची समजूत प्रेडेटरने चार तास पुरवलेल्या वर्णनावर बेतलेली होती. ज्या विमानाचा मुख्य गुण नजर हा सांगितला जातो, त्याचे मूल्यमापन त्याच्या नजरेवरूनच व्हायला हवे. आणि त्या नजरेने चार तासांत शंका कमी केली नाही, वाढत जाणारी खात्री मात्र पुरवली. आपल्या समजुतीला दुजोरा देणारी चिन्हे तेवढी टिपायची आणि विरुद्ध चिन्हे गौण मानायची, या मनाच्या ओढीला मानसशास्त्रात पुष्टिप्रवणता म्हणता येईल. या ओढीला वेळ आणि चित्रे जितकी अधिक मिळतील तितकी ती बळावते. एखादा माणूस सहा तास नुसता पाहिला जातो तेव्हा त्याच्या प्रत्येक साध्या हालचालीला अर्थ चिकटत जातो, कारण पाहणारा मुळात संशयित म्हणूनच त्याच्याकडे पाहत असतो. दीर्घ टेहळणी म्हणजे अधिक विवेक, या पहिल्या आधाराचा पाया येथे खचतो.

हे एकाच पथकाचे स्खलन होते असे म्हणावे, तर जानेवारी २०१५ मधील हल्ला समोर येतो. अफगाणिस्तान-पाकिस्तान सीमेवरील अल-कायदाच्या एका ठिकाणावर अमेरिकेने हल्ला केला आणि त्यात तिथे ओलीस ठेवलेले एक अमेरिकी आणि एक इटालियन मदतकर्ते मारले गेले. त्या ठिकाणावर शेकडो तास टेहळणी झाली होती आणि ओलीस आत असल्याचा कोणताही संकेत मिळाला नव्हता, असे व्हाइट हाउसनेच सांगितले. घराच्या छपराखाली काय आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही, ही साधी गोष्ट शेकडो तासांनी बदलली नाही. त्या वर्षी २३ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांनी स्वतः जाहीर दिलगिरी व्यक्त केली, आणि ते योग्यच झाले; परंतु पाकिस्तानच्या वझिरिस्तानात किंवा येमेनमध्ये अशा हल्ल्यांत मेलेल्यांच्या कुटुंबांना अशी दिलगिरी जवळजवळ कधीच मिळाली नाही, आणि हा भेद कोणत्याही तंत्रज्ञानाच्या मर्यादेने समजावता येणारा नाही.

काबूलचे उदाहरण यापेक्षाही स्पष्ट आहे. २६ ऑगस्ट २०२१ रोजी विमानतळाच्या दारावर आत्मघाती स्फोट होऊन १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण ठार झाले होते, आणि दुसऱ्या हल्ल्याची वाट पाहत यंत्रणा ताणलेली होती. २९ ऑगस्टला एक पांढरी टोयोटा कोरोला मोटार सुमारे आठ तास नजरेखाली ठेवण्यात आली. या काळात सहापर्यंत रीपर विमाने आकाशात होती, असे मध्यवर्ती कमांडचे प्रमुख जनरल मॅकेन्झी यांनी नंतर सांगितले. मोटारीत चढवले जाणारे जड डबे स्फोटके समजले गेले, प्रत्यक्षात ते पाण्याचे होते. मोटार एका अंगणात शिरली आणि क्षेपणास्त्र ठरल्या जागी, ठरल्या क्षणी आदळले. दहा माणसे मेली, त्यांत सात मुले होती. चालक एका मदतसंस्थेत काम करणारा होता. संयुक्त सेनाप्रमुख जनरल मार्क मिली यांनी सुरुवातीला हा हल्ला न्याय्य ठरवला. पत्रकारांनी घटनास्थळी जाऊन माणसांशी बोलून, चित्रफिती जुळवून सत्य बाहेर काढल्यावर, १७ सप्टेंबरला, चूक मान्य झाली. हवाई दलाच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत हल्ल्यापूर्वी दोन मिनिटे एक मूल चित्रात दिसत होते असे आढळले; तरीही कायद्याचा भंग झाला नाही असा निष्कर्ष निघाला आणि डिसेंबरमध्ये कोणालाही शिक्षा होणार नसल्याचे जाहीर झाले. सहा विमाने, आठ तास आणि जगातील सर्वोत्तम संवेदक यांना जे कळले नाही, ते शेजाऱ्यांशी बोलणाऱ्या वार्ताहरांना काही दिवसांत कळले. या घटनेत नेम तसूभरही चुकला नव्हता, ही बाब समर्थकांनी शांतपणे विचारात घ्यायला हवी.

निवडक उदाहरणांवरून सिद्धान्त उभा राहत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर अमेरिकी लष्कराच्याच माहितीत आहे. सेंटर फॉर नेव्हल अ‍ॅनालिसेस या संस्थेचे लॅरी लुइस यांनी २०१० च्या मध्यापासून २०११ च्या मध्यापर्यंत अफगाणिस्तानात झालेल्या हवाई हल्ल्यांच्या गोपनीय नोंदी अभ्यासल्या आणि २०१३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दर हल्ल्यामागे नागरिक मारले जाण्याचे प्रमाण वैमानिक आत बसलेल्या विमानांपेक्षा दूरचालित विमानांच्या बाबतीत सुमारे दहापट अधिक होते. लुइस यांनी याचे कारण यंत्रात न शोधता चालकपथकांच्या नागरिक-संरक्षणविषयक प्रशिक्षणाच्या उणिवेत शोधले, आणि त्यांचे म्हणणे बरोबर असू शकते. परंतु त्यामुळे पूर्वपक्षाला दिलासा मिळत नाही. विवेक जर प्रशिक्षणातून येत असेल, तर तो शस्त्राचा गुण म्हणून मिरवता येत नाही. येथे स्ट्रॉसर यांच्या मांडणीतील एक अट आठवली पाहिजे, जी त्यांचा हवाला देणारे बहुधा गाळतात : दूरचालित विमान वापरण्याचे कर्तव्य तेव्हाच लागू होते, जेव्हा न्याय्य रीतीने लढण्याच्या क्षमतेत, म्हणजे योद्धा आणि नागरिक यांतील भेद राखण्याच्या क्षमतेतही, त्यामुळे घट होत नाही. लुइस यांनी अभ्यासलेल्या नोंदी सांगतात की त्या काळात आणि त्या रणभूमीवर ही अट पुरी होत नव्हती. म्हणजे समर्थकांच्या सर्वोत्तम युक्तिवादाच्याच कसोटीवर प्रत्यक्ष वापर उतरला नाही.

मोजणीचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण अचूकतेचा दावा अखेर आकड्यांवरच टिकतो. जून २०११ मध्ये ब्रेनन यांनी जाहीरपणे सांगितले की जवळजवळ वर्षभरात या हल्ल्यांत एकही अनुषंगिक मृत्यू झालेला नाही. त्याच वर्षी १७ मार्चला उत्तर वझिरिस्तानातील दत्ता खेल येथे क्रोमाइटच्या खाणीचा तंटा मिटवण्यासाठी भरलेल्या जिरग्यावर, म्हणजे जमातीच्या पंचायतीवर, हल्ला होऊन सुमारे ४० माणसे मेली होती, आणि त्यांत जमातीचे ज्येष्ठ व स्थानिक प्रशासनाशी संबंधित लोक होते. हे दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही, जोपर्यंत मृतांनाच योद्धे ठरवले जात नाही. हल्ल्याच्या क्षेत्रातील लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष, निर्दोषत्वाचा पुरावा नंतर मिळाला नाही तर, योद्धा धरला जातो, असे वृत्त २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने अधिकाऱ्यांच्या हवाल्याने दिले. अमेरिकी सरकारने पुढे ही पद्धत असल्याचे नाकारले. जुलै २०१६ मध्ये सरकारने प्रथमच एकत्रित आकडे दिले : प्रत्यक्ष युद्धक्षेत्राबाहेर २००९ ते २०१५ या काळात ४७३ हल्ले आणि ६४ ते ११६ नागरिकांचे मृत्यू. ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम या लंडनच्या संस्थेची त्याच काळासाठीची मोजणी ३८० ते ८०१ होती. एवढी मोठी तफावत असताना कोणत्याही एका आकड्यावर अचूकतेची द्वाही फिरवता येत नाही. आणि असे वार्षिक आकडे जाहीर करण्याचा आदेशही मार्च २०१९ मध्ये रद्द करण्यात आला. ज्या शस्त्राच्या परिणामांची मोजणी ते वापरणाराच करतो आणि मनात येईल तेव्हा बंद करतो, त्याच्या विवेकीपणाचा दावा तपासताच येत नाही. आणि जो दावा तपासता येत नाही, तो मान्य करण्याचे बंधन कोणावर नाही.

तिसऱ्या आधाराचा, म्हणजे सुरक्षित चालकाच्या शांत डोक्याचा, समाचार थोडक्यात घेता येतो. विरोधकांतील काही जण चालकांना संगणकावरचे खेळ खेळणारी निबर मुले म्हणून रंगवतात. हे चित्र अन्यायकारक आहे आणि पुराव्याला धरून नाही. अमेरिकी लष्करी आरोग्य निरीक्षण केंद्राच्या २०१३ मधील अभ्यासात दूरचालित विमानांच्या वैमानिकांतील मानसिक आजारांचे प्रमाण प्रत्यक्ष उडणाऱ्या वैमानिकांच्या जवळपास आढळले. ज्या माणसाला आठवडाभर पाहिले, त्याच्या मृत्यूनंतरचे दृश्यही याच चालकांना पडद्यावर पाहावे लागते. तेव्हा त्यांच्या माणुसकीवर संशय घेणे हा प्रतिवाद होऊ शकत नाही. मुद्दा असा की जिवाची भीती नसणे म्हणजे दडपण नसणे नव्हे. जमिनीवर आपले सैनिक धोक्यात आहेत ही जाणीव उरुझगानच्या पथकाला होती, पुन्हा स्फोट होईल ही धास्ती काबूलच्या पथकाला होती, आणि दोन्ही वेळी निर्णय त्याच दडपणाखाली झाले.

सर्वांत बलवान आक्षेप अद्याप बाकी आहे. ओळखीची चूक जमिनीवर उभ्या असलेल्या सैनिकाकडूनही होते, मग केवळ विमानाला दोष का द्यावा? भारताला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या विशेष तुकडीने बंडखोर समजून गोळ्या झाडल्या आणि सहा जण मेले. त्यानंतरच्या उद्रेकात मृत नागरिकांची संख्या १४ झाली. तिथे कॅमेरा नव्हता, उपग्रह नव्हता, सैनिक जवळच होते, आणि तरी चूक झाली. हे मान्य करूनही पुढचा भाग पाहावा लागतो. ओटिंगचे गावकरी त्याच रात्री घटनास्थळी पोचले, मृतदेह त्यांनी पाहिले, राज्य पोलिसांनी गुन्हा नोंदवला, विशेष तपास पथकाने ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवले. केंद्राने २०२३ साली खटल्यास परवानगी नाकारली, आणि तो अन्याय झाला. तथापि, काय घडले याबद्दल आज कोणाला शंका नाही. याउलट दूरचालित विमानाच्या हल्ल्यात, परक्या देशाच्या डोंगरात, कॅमेऱ्याखेरीज साक्षीदार नसलेल्या ठिकाणी, चित्रफीत ज्याच्या ताब्यात तोच आरोपी अशी स्थिती असते, आणि वैमानिक, विश्लेषक, परवानगी देणारा अधिकारी व वकील या साखळीत जबाबदारी इतकी वाटली जाते की कोणाच्याही वाट्याला शिक्षेइतकी उरत नाही. चूक कुठेही होऊ शकते. मात्र चूक कळून येण्याचे मार्ग या रचनेत बंद होत जातात, आणि म्हणून तिला विवेकी म्हणता येत नाही.

याचा अर्थ दूरचालित विमाने निरुपयोगी आहेत असा नाही. १६ मार्च २०२४ रोजी भारतीय नौदलाने सोमालियाच्या किनाऱ्यापासून दूर, भर अरबी समुद्रात अपहृत ‘रुएन’ हे मालवाहू जहाज सोडवले, तेव्हा भाड्याने घेतलेले एमक्यू-९ जातीचे दूरचालित विमान त्या कारवाईत टेहळणीला होते. पण पुढचे काम आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने आणि विमानातून समुद्रात उतरलेल्या मार्कोस कमांडोंनी केले. १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाचे जिवंत पकडून मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. विमानाने पाहिले, माणसांनी जाऊन खात्री केली, आणि आरोपींना न्यायालयाची वाट मिळाली. हिंदी महासागरासारख्या अफाट क्षेत्रावर दिवसरात्र नजर ठेवण्याचे काम या विमानांइतके क्वचितच कोणी करू शकेल, आणि करारातील ३१ पैकी १५ विमाने नौदलासाठी आहेत, हे समजण्यासारखे आहे. उरलेली सोळा लष्कर आणि हवाई दल यांच्यात समान वाटली जाणार आहेत. अमेरिकी काँग्रेसला फेब्रुवारी २०२४ मध्ये कळवण्यात आलेल्या प्रस्तावित विक्रीत १७० हेलफायर क्षेपणास्त्रे आणि लेसरने वळवता येणारे ३१० छोटे बॉम्बही होते. म्हणजे टेहळणीसाठी घेतलेल्या या यंत्रांना मारण्याची क्षमताही असणार आहे.

भारत जिनीव्हा करारांचा सदस्य आहे आणि १९६० चा त्यासंबंधीचा कायदा येथे लागू आहे. परंतु हल्ल्यापूर्वी लक्ष्याची पडताळणी करण्याचे आणि खबरदारी घेण्याचे तपशीलवार बंधन घालणाऱ्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारात तो सामील झालेला नाही. अमेरिकाही नाही, आणि तिच्या अनुभवातून काय निष्पन्न झाले हे वर आले आहे. म्हणून सुमारे ३२,००० कोटी रुपयांच्या या खरेदीबद्दल विमाने किती उंच उडतात आणि किती तास टिकतात एवढीच चर्चा करून संसदेने थांबू नये. हल्ल्याचा निर्णय कोणत्या पुराव्यावर आणि कोणाच्या सहीने होईल, एकाच चित्रावर अवलंबून न राहता दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने ओळख पटवण्याची अट असेल की नाही, प्रत्येक हल्ल्याची संपूर्ण चित्रफीत आणि संभाषण किती वर्षे जपले जाईल, आणि मृतांची मोजणी लष्कराबाहेरच्या कोणत्या संस्थेकडे असेल, हे संरक्षणविषयक स्थायी समितीने आत्ताच विचारावे आणि उत्तरे लेखी घ्यावीत. ही विमाने २०२९ पासून ताब्यात येणे अपेक्षित आहे. नियम त्यापूर्वी लिहून, संसदेपुढे ठेवून, जनतेला वाचता येतील अशा रीतीने प्रसिद्ध झाले पाहिजेत.